तुमच्या मजल्यापर्यंत पाणी चढतं कसं? नाशिकच्या सोसायट्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन नाशिकमधलं रो हाऊस असो, कॉलेज रोडची चार मजली जुनी इमारत असो किंवा पाथर्डी फाट्याकडचा टॉवर, रस्त्याखालच्या पाईपमधून येणारं पाणी महापालिकेचंच. फरक पडतो तो कंपाउंडच्या आत आल्यावर. पाण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं आणि शिव्या मात्र पाणी सोडणाऱ्या वॉलमनला बसतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आपल्याकडे पाणी येतं तरी कुठून?

शहराचा मुख्य आधार म्हणजे गोदावरीवरचं गंगापूर धरण. त्याच्या जोडीला मुकणे धरण आहे, त्याचं पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होतं. नाशिकरोडकडच्या काही भागाला दारणेचं पाणी चेहेडीहून येतं. शुद्ध केलेलं पाणी ठिकठिकाणच्या जलकुंभांत भरलं जातं आणि तिथून ठराविक वेळी, भाग पाडून, खाली सोडलं जातं. तुमच्या नळाला दाब मिळतो तो या जलकुंभाच्या उंचीमुळे. धरण भरलेलं आहे की अर्धं, याचा नळाच्या दाबाशी थेट संबंध नसतो. धरणात पाणी कमी झालं तर कपात होते, म्हणजे पाणी कमी वेळ येतं किंवा एखादा दिवस येतच नाही.

प्लंबर म्हणतो "दोन किलो प्रेशर आहे". हे किलो कसले?

दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार. लक्षात ठेवायचं एवढंच: दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे एक किलो. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर पाणी एक मजला चढवायला ०.३ किलो लागतात आणि एक मजला खाली उतरलं की ०.३ किलो दाब वाढतो. एवढा हिशोब आला की या पानावरची अर्धी उत्तरं तुम्हीच काढू शकाल.

महापालिकेचं पाणी पंपाशिवाय कितव्या मजल्यापर्यंत चढायला हवं?

केंद्र सरकारच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा मॅन्युअलप्रमाणे, फेरूलपाशी, म्हणजे मुख्य पाईपमधून तुमचं कनेक्शन निघतं तिथे, एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब उरायला हवा. २२ मीटरच्या पुढे दाब देण्यासाठी वितरण व्यवस्था सहसा आखतच नाहीत. दाब वाढवला की जुन्या पाईपांची गळतीही वाढते. म्हणजे आदर्श स्थितीतसुद्धा तीन मजल्यांच्या वर पाणी नेणं हे इमारतीचं स्वतःचं काम आहे, हे कागदावरच ठरलेलं आहे.

प्रत्यक्षात आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. तास-दोन तास येतं आणि त्या वेळात अख्खी कॉलनी एकदम नळ सोडते. मग कागदावरचे १७ मीटर बघता बघता चार-पाच मीटरवर येतात. पहाटे पहिल्या मजल्याच्या नळाला धो धो येणारं पाणी सात वाजता पार्किंगच्या नळालाही करंगळीएवढं येतं, ते यामुळेच.

शेजारच्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर पाणी चढतं, आमच्याकडे का नाही?

मजले मोजण्याआधी जमीन बघा. नाशिक सपाट नाही. जुनं गाव टेकाडांवर वसलेलं आहे, रामकुंडाकडे उतार आहे आणि उपनगरांतही चढ-उतार भरपूर आहेत. चढावरचं तळमजल्याचं घर आणि उतारावरचं दुसऱ्या मजल्याचं घर पाण्याच्या दृष्टीने एकाच पातळीवर असू शकतात. दुसरं कारण अंतराचं. जलकुंभापासून जितकं लांब आणि वाटेत जितकी कनेक्शनं जास्त, तितका दाब घर्षणात आणि इतरांच्या नळांत जिरतो. लाईनच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्यांचं नशीब बहुधा असंच असतं.

तिसरं कारण तुमच्या हातातलं आहे. मीटरपासून टाकीपर्यंतचा तीस वर्षांचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाईप आतून गंजून अर्धा बुजलेला असतो. तक्रार अर्ज लिहिण्याआधी तो एकदा उघडून बघा.

मग नळालाच मोटर लावली तर?

लावू नका. बेकायदेशीर आहे, पथकाला सापडली तर टुल्लू पंप, म्हणजे ही छोटी मोटर, जप्त होतो आणि कनेक्शनही तोडलं जाऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी यात खरा धोका आहे. रस्त्याखालच्या पाईपला सांधे असतात, काही ठिकाणी बारीक गळती असते. आत दाब असेल तर पाणी बाहेर झिरपतं, तेवढंच नुकसान. मोटरने ओढायला लागलात की आतला दाब शून्याच्या खाली जातो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत येतं. बाहेर काय असतं? कित्येक गल्ल्यांत ड्रेनेजची लाईन, गटार, साचलेलं पावसाचं पाणी. मग गल्लीत कावीळ-जुलाबाची साथ आली की सगळे महापालिकेकडे बोट दाखवतात.

शेजाऱ्याच्या वाटचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. एकाने लावली की दुसऱ्याला लावावी लागते आणि महिन्याभरात अख्खी गल्ली मोटरवर येते. तेव्हा कुणालाच पहिल्यापेक्षा जास्त पाणी मिळत नाही.

योग्य मार्ग एकच: नळाचं पाणी आपल्या दाबाने खालच्या टाकीत पडू द्यायचं आणि पंप त्या टाकीतून घ्यायचा. घर छोटं असेल तर जमिनीत पाचशे-हजार लिटरची टाकीसुद्धा पुरते.

पंप गच्चीवर ठेवून पाणी वर ओढता येईल का?

दुमजली घरापर्यंत कदाचित, त्याच्या पुढे नाही. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर पाईपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाणी तोलतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरायची. ढकलायला मात्र अशी मर्यादा नाही. म्हणून पंप नेहमी खाली, टाकीच्या शेजारी किंवा टाकीतच बुडवलेला असतो.

इमारतीच्या आत पाणी नेमकं कसं फिरतं?

महापालिकेचा नळ, मीटर, टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक, खालची टाकी. तिथून पंप, त्याच्या डोक्यावर पाणी परत खाली येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गच्चीपर्यंत जाणारा चढता पाईप आणि गच्चीवरची टाकी. गच्चीवरून शाफ्टमधून उतरणारे डाउनटेक पाईप आणि प्रत्येक मजल्यावर त्यांतून फुटणाऱ्या शाखा. चार मजल्यांपासून दहा-बारा मजल्यांपर्यंत नाशिकमधल्या बहुतेक इमारती याच पद्धतीवर चालतात. ही पद्धत जुनी आहे, साधी आहे आणि माझ्या मते आपल्याकडच्या वीजपुरवठ्याला सगळ्यात योग्य आहे. लाईट गेली तरी गच्चीवर आहे तेवढं पाणी आपोआप खाली येत राहतं.

डाउनटेकच्या वरच्या टोकाला टाकीच्याही वर जाणारा एक उघडा पाईप असतो, तो हवेसाठी. "हा कशाला?" म्हणून रंगकामाच्या वेळी कुणीतरी तो कापतो किंवा त्याला टोपी बसवतो आणि पुढची दोन वर्षं नळ फुरफुरतात.

गच्चीवर मोठी टाकी बसवली तर प्रेशर वाढेल का?

नाही. पाच हजार लिटरची टाकी असो की पन्नास हजारांची, दाब ठरतो तो पाण्याच्या पातळीच्या उंचीवर. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरतं, जोराने येत नाही. टाकी दोन मीटर उचलली तर ०.२ किलो वाढतील, पण त्याआधी स्लॅबला तो भार पेलतो का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकी डोक्यावर, तरी शॉवर रडतो. का?

टाकी डोक्यावर आहे म्हणूनच. टाकीचा तळ गच्चीच्या दोन मीटर वर आहे असं धरा. तुमचा शॉवर स्लॅबच्या एक मीटर खाली. टाकीत मीटरभर पाणी असेल तर एकूण उंची होते चार मीटर, म्हणजे ०.४ किलो. पावसासारख्या पडणाऱ्या मोठ्या शॉवरला निदान एक किलो हवा असतो. टाकी नुसत्या गच्चीवर, विटांच्या थरावर ठेवलेली असेल तर हाल आणखी वाईट.

उपाय वरच्या दोन-तीन मजल्यांपुरता करायचा. त्यांच्यासाठी टाकीतून वेगळा डाउनटेक काढायचा आणि त्यावर छोटा प्रेशर पंप बसवायचा. नळ उघडला की तो चालू होतो, बंद केला की थांबतो. सोबत बायपास, म्हणजे पंपाला वगळून जाणारा पाईप, ठेवायला विसरू नका, नाहीतर लाईट गेली की आज येतं तेवढंही पाणी येणार नाही. एकट्याने आपल्या फ्लॅटच्या शाखेवर पंप बसवण्याआधी कमिटीशी बोला. सामाईक डाउनटेकमधून ओढलं तर खालच्या घराचं पाणी कमी होतं आणि भांडण जिन्यात येतं.

आणि खालच्या मजल्यांवर उलटी तक्रार: कनेक्शन पाईप फुटतात, फ्लश रात्रभर आवाज करतो

तोच हिशोब दुसऱ्या टोकाने. पार्किंग अधिक बारा मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्याचा नळ टाकीच्या जवळपास ३७ मीटर खाली असतो. दाब पावणेचार किलोच्या आसपास. वीस मजल्यांच्या टॉवरमध्ये तो सहा किलोंच्या वर जातो. घरातल्या नळांना दोन-अडीच किलो पुरेसे असतात. बेसिनखालचा बारीक लवचिक पाईप रात्री किंवा तुम्ही गावाला गेल्यावरच फुटतो, यात योगायोग नाही. दिवसा सगळे नळ चालू असल्यामुळे दाब थोडा उतरतो. मध्यरात्री सगळे बंद झाले की पूर्ण दाब पाईपवर येतो. बाहेरगावी जाताना घराचा मुख्य कॉक बंद करा.

कायमचा उपाय म्हणजे खालच्या मजल्यांच्या शाखांवर किंवा डाउनटेकच्या मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, ज्यांना प्लंबर पीआरव्ही म्हणतात. बिल्डरने ते बसवलेले असतात, पण त्यांच्यातली जाळी कधी साफ करायची असते हे कुणाला सांगितलेलं नसतं. खालच्या मजल्यावर अचानक पाणी कमी झालं तर बहुतेक वेळा ती जाळीच तुंबलेली असते.

गीझर घेताना त्यावरचा दाबाचा आकडा वाचा. उंच इमारतींसाठी म्हणून विकले जाणारे साठवणीचे गीझर साधारण ८ बारचे असतात. बार म्हणजे जवळपास आपला किलोच. कमी दाबाचा स्वस्त गीझर टॉवरच्या पहिल्या मजल्यावर लावू नये.

वीस-पंचवीस मजल्यांना एकच टाकी आणि एकच पाईप चालतो का?

चालवतात, पण चालवू नये. चांगल्या रचनेत इमारतीचे उभे भाग पाडलेले असतात: वरच्या मजल्यांना गच्चीवरून पाणी आणि खालच्यांना मधल्या सर्व्हिस मजल्यावरच्या टाकीतून किंवा पीआरव्हीमधून. दुसरी पद्धत हायड्रोन्यूमॅटिक. त्यात खालूनच पंपांचा संच ठराविक दाबाने प्रत्येक घरात पाणी ढकलतो आणि वापराप्रमाणे पंपांची गती कमी-जास्त होते. प्रेशर झकास मिळतं. पण वीज गेली आणि जनरेटर रुसला की पंचविसाव्या मजल्याबरोबर पहिलाही कोरडा. फ्लॅट घेताना बिल्डरला स्विमिंग पूलबद्दल विचारतो तसं याबद्दलही विचारावं.

आमच्या पंपाला रोज किती वीज लागायला हवी? बिल बरोबर आहे का कसं कळणार?

उदाहरण घेऊ. पार्किंग अधिक बारा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, एकूण ४८. घरात पाच माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. रोजचं पाणी ३२,४०० लिटर. चढण्याची उंची, पाईपमधलं घर्षण धरून, ५० मीटर समजू.

एवढं पाणी एवढं उंच उचलायला निव्वळ ऊर्जा लागते साडेचार युनिटच्या आत. पंप आणि मोटर मिळून जेमतेम निम्मी वीज कामाला लावतात, म्हणून प्रत्यक्षात रोज नऊ ते अकरा युनिट. यासाठी ५ एचपीचा पंप दोन-अडीच तास चालला की काम होतं. तुमच्या याच आकाराच्या इमारतीत पंप रोज सहा तास चालत असेल तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं: टाकी कुठेतरी ओसंडते आहे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळून चढलेलं पाणी परत खाली येतं आहे किंवा पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजला आहे. ओसंडणाऱ्या टाकीसाठी लेव्हल सेन्सर बसवा. वॉचमनच्या आठवणीवर पंप चालवणाऱ्या सोसायट्या अजून आहेत आणि गच्चीवरून पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकून कुणीतरी ओरडेपर्यंत तिथे पंप चालूच असतो.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. बाराव्या मजल्यावर पाणी चढवायचं बिल मी का भरू?

कारण तुमचंही पाणी गच्चीवरूनच येतं. तुमच्या बादलीतलं पाणी आधी गच्चीपर्यंत चढलं आणि मग पहिल्या मजल्यापर्यंत उतरलं. प्रत्येक लिटरला खर्च सारखाच. नियमही त्याच अंगाने जातात: गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक विजेसारखे सेवाशुल्काचे खर्च सर्व फ्लॅटना समान वाटले जातात, तर पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर आकारायची असते. दुसरा भाग फारशा सोसायट्या पाळत नाहीत, पण लिहिलेलं तसं आहे.

"शनिवारी पाणी नाही, रविवारी कमी दाबाने". शनिवारचं समजतं, रविवारी कमी का?

दुरुस्तीसाठी पंपिंग थांबवलं की जलकुंभ रिकामे होतात आणि किलोमीटरच्या किलोमीटर पाईपमध्ये हवा भरते. पुरवठा सुरू झाल्यावर आधी पाईप भरतात, मग जलकुंभ, आणि जलकुंभात पुरेशी पातळी आल्याशिवाय नळाला दाब येत नाही. पहिलं येणारं पाणी थोडं गढूळ असेल तर पाच-दहा मिनिटं वाहू द्या, मग टाकीचा कॉक उघडा. नळातून नुसती हवा येत असताना मीटरचा काटा फिरतो, म्हणून तेव्हा नळ बंद ठेवलेला बरा.

टाकी किती मोठी हवी?

खालची एक ते दीड दिवसाची, वरची निदान अर्ध्या दिवसाची. वरच्या उदाहरणातल्या इमारतीला खाली ४० हजार लिटरच्या आसपास आणि वर सोळा-सतरा हजार. फार मोठी टाकी हे सुख वाटतं, पण पाणी तीन-तीन दिवस पडून राहिलं की त्यातला क्लोरीन उडतो. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा मानक आहे. थेंब टाकून रंग बघायची छोटी किट मिळते. कमिटीने एक आणून ठेवायला हरकत नाही.

उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी त्याच टाकीत टाकतो. चालेल?

टाकणारे पुष्कळ आहेत. पण टाकू नये. आपल्याकडचा काळा दगड आहे बेसाल्ट. त्याच्या फटींतून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि ड्रेनेजजवळच्या बोअरचा भरवसा नसतो. टँकरवाल्याने पाणी कुठून भरलं हे तो सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. बोअरसाठी वेगळी टाकी, वेगळा पाईप, आणि ते फ्लश, बाग, गाड्या धुण्यापुरतं. दोन्ही लाईन मध्ये कॉक ठेवून जोडू नका, कारण तो कॉक एक दिवस उघडा राहतोच. एकच टाकी असेल आणि नाइलाज असेल तर त्या दिवसांत पिण्याचं पाणी पार्किंगमधल्या थेट नळावरून भरावं. कळशी घेऊन जिना चढायचा कंटाळा येतो, पण ते पाणी सगळ्यात ताजं असतं.

आरओ हवाच का?

धरणाच्या पाण्याला सहसा नाही. ते पावसाचं पाणी आहे, क्षार कमी असतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या खाली असलेलं पाणी आरओमधून काढणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं. गाळणी आणि यूव्ही किंवा सरळ उकळणं पुरतं. बोअर मिसळत असाल तर गोष्ट वेगळी.

टाकी किती दिवसांनी धुवायची?

सहा महिन्यांनी एकदा, त्यातली एक पावसाळा संपल्यावर. खालच्या टाकीचं झाकण जमिनीपासून वीतभर उंच असावं, नाहीतर पार्किंग धुतलेलं पाणी आत जातं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि एकट्याला उतरवू नका.

आगीसाठीच्या टाकीतलं पाणी टंचाईत वापरावं का?

नाही. चांगल्या रचनेत महापालिकेचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं आणि ती भरली की ओसंडून घरगुती टाकीत येतं. त्यामुळे आगीचा साठा कायम भरलेला आणि पाणीही खेळतं राहतं. मधल्या भिंतीला भोक पाडून "जास्तीचं पाणी" काढणाऱ्या प्लंबरला दारातूनच परत पाठवा.

पंप बंद झाला की भिंतीत धाडकन आवाज येतो. काही फुटणार तर नाही?

आज नाही. पंप थांबल्यावर चढत्या पाईपमधला पाण्याचा अख्खा स्तंभ मागे फिरतो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतो. इमारत जितकी उंच तितका दणका मोठा. साधा झडपेचा व्हॉल्व्ह काढून स्प्रिंगचा, पाणी मागे फिरण्याआधीच मिटणारा बसवला की आवाज बराच कमी होतो. पाईपचे क्लॅम्प सैल झाले असतील तर तेही आवळून घ्या. आवाज हळूहळू वाढत गेला असेल तर फार दिवस थांबू नका, सांधे तिथूनच सुटतात.